घरचे इंटरनेट : दोष कोठे आहे ते आपणच शोधू या

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या सभांतून आजवर लोणच्यांपासून लेकरांच्या लसींपर्यंत कितीतरी विषयांवर व्याख्याने झाली. त्या मालिकेत माझा विषय थोडा रुक्ष वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "अलीकडे मंडळाच्या खोलीत पाण्याच्या तक्रारीपेक्षाही 'आमचे नेट सारखे जाते' हीच तक्रार जास्त ऐकू येते. तुम्ही टेलिफोन खात्यात होता, तुम्हीच काही सांगा." मी खात्याच्या तक्रार-विभागात पुष्कळ वर्षे काम केले आहे. १९८ हा आकडा फिरवून तुम्ही ज्या बाईवर रागावत होता, तिच्यापैकीच मी एक! तेव्हा हे आमंत्रण मला नाकारता आले नाही.

इंटरनेट आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्या वेळी ती थोड्या लोकांची चैन होती. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, आणि शाळा, कचेरी, दवाखाना, सारेच त्या एका तारेतून घरात आले. टाळेबंदी उठली, पण आलेले सगळे परत गेले नाही. आज कोणाची सून घरी बसून नोकरी करते, कोणाचा नातू शिकवणीला बसतो, कोणी निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाईलसमोर चेहरा धरून देते, आणि परदेशी असलेल्या लेकीचे तोंड तर आपण सगळ्याच त्यातून पाहतो. असे असूनही ते बंद पडले की बहुतेक घरांतील बाई काय करते? मुलगा कामावरून येईपर्यंत थांबते. मिक्सर बिघडला तर आपण आधी प्लग पाहतो, मग फ्यूज पाहतो. गॅस मंद झाला तर बर्नर काढून घासतो. मग या डबीपुढेच आपण हात जोडून का बसावे?

आमच्या परिचयातील एक भगिनी घरी गाणे शिकवितात. त्यांच्या काही शिष्या परदेशी असल्यामुळे ती शिकवणी इंटरनेटवरून चालते. मध्येच आवाज तुटू लागला, सूर एकीकडे आणि ठेका दुसरीकडे होऊ लागला, आणि दोन मुलींनी शिकवणी सोडली. बाईंनी कंपनीला फोन केला. तेथून सल्ला मिळाला की, आपली योजना १०० ची आहे, ती ३०० ची करा. त्यांनी दरमहा जास्त पैसे भरले. आवाज तुटायचा तो तुटतच राहिला. शेवटी आम्ही दोघींनी एका दुपारी बसून पाहिले. डबी होती दिवाणखान्यात, लोखंडी कपाटाच्या मागे. गाण्याची खोली होती दोन भिंती पलीकडे. आम्ही पंधरा मीटरची एक तार आणली, दाराच्या चौकटीवरून नेऊन थेट संगणकाला जोडली, आणि त्या दिवसापासून शिकवणी सुरळीत झाली. पुढे त्यांनी योजनाही पुन्हा १०० ची करून घेतली. नळाला पाणी होते. बादलीपर्यंत येणारी नळी चेमटली होती. टाकी मोठी करून काय उपयोग?

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही की, इंटरनेट हे एक अखंड वस्तू म्हणून आपल्याकडे येत नाही. ते चार टप्प्यांनी येते. पहिला टप्पा, आपल्या हातातील मोबाईल किंवा संगणक. दुसरा, त्या वस्तूपासून डबीपर्यंतची हवा, म्हणजे वाय-फाय. तिसरा, स्वतः डबी, जिला आपण राउटर म्हणतो, आणि तिची वीज. चौथा, डबीपासून बाहेर रस्त्यावरून कंपनीच्या केंद्रापर्यंत जाणारी तार. टेलिफोन खात्यातही आमची हीच रीत होती. तक्रार आली की लाइनमनला धावत पाठवावयाचे नाही. आधी टेस्ट डेस्कवरून पाहावयाचे, दोष घरातला आहे की खांबावरचा. निम्मी कामे तेथेच संपत. दुरुस्ती येवो न येवो, दोष कोणत्या टप्प्यात आहे एवढे ओळखता आले की तुम्हाला कोणी फिरवू शकत नाही.

आता टप्पे ओळखावयाचे कसे? त्यासाठी तीन साधे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न : सगळ्यांचेच बंद आहे की एकाचेच? तुमचा मोबाईल अडला, पण सुनेचा चालत असेल, तर दोष तुमच्या मोबाईलचा. तो बंद करून पुन्हा चालू करा. त्यातील जागा फोटोंनी आणि सुप्रभातच्या चित्रांनी गच्च भरली आहे का, ते पाहा. एकच बँकेचे किंवा एकच तिकिटांचे पान उघडत नसेल आणि बाकी सारे उघडत असेल, तर दोष घरात नाहीच. तो त्या बँकेकडे आहे. आपण उगाच डबी हलवू नये.

दुसरा प्रश्न : डबीजवळ बरे आणि दूर वाईट असे होते का? मोबाईल घेऊन डबीपासून दोन पावलांवर उभ्या राहा आणि वेग मोजा. मग जेथे त्रास होतो त्या खोलीत जाऊन मोजा. वेग मोजण्याची साधने फुकट मिळतात. आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, 'मायस्पीड' नावाचे अ‍ॅपही आहे. जवळ उत्तम आणि खोलीत रडकथा, असे आढळले तर दोष हवेच्या टप्प्यात आहे आणि त्याला कंपनीचा माणूस लागत नाही.

तिसरा प्रश्न : तार लावून कसे चालते? घरात संगणक असेल तर डबीपासून त्याला थेट तार जोडून पाहा. तारेवरही मंद असेल, तर दोष डबीत किंवा बाहेर आहे. या तीन प्रश्नांना पाऊण तास पुरतो.

आता एकेका टप्प्याविषयी थोडे सविस्तर सांगते.

हवेचा टप्पा हाच बहुतेक घरांत सर्वांत दुबळा असतो. वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. त्या मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतात : एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिला दूरवर पोचतो आणि भिंतीतून बऱ्यापैकी जातो. परंतु त्यावर गर्दी फार. तुमच्या शेजाऱ्यांच्या डब्या, ब्लूटूथची यंत्रे आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन ही सारी मंडळी त्याच पट्ट्यात नांदतात. ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. म्हणून दुपारी जेवण गरम करताना कोणाचे बोलणे तुटत असेल तर नवल वाटू नये. दुसरा पट्टा जलद आणि मोकळा, पण भिंतीपुढे लवकर थकतो. पुष्कळ डब्या या दोन पट्ट्यांची दोन वेगळी नावे दाखवितात. डबीच्याच खोलीत बसणार असाल तर ५ चा पट्टा घ्यावा, लांबच्या खोलीत २.४ चा.

डबी कोठे ठेवावी याचा आपण फार थोडा विचार करतो. तार जेथून घरात शिरली तेथेच ती टीव्हीच्या मागे कोंबली जाते, किंवा दिसायला बरी नाही म्हणून कपाटात जाते. लहरींना लोखंड पार करता येत नाही. आरशामागे धातूचा लेप असतो, तोही त्यांना परतवितो. पाणी त्या शोषून घेते, म्हणून माशांची पेटी मध्ये नको. आपल्या इमारतींच्या सळया घातलेल्या भिंती तर त्यांचा जोर निम्म्याहून कमी करतात. तेव्हा डबी घराच्या मध्यावर, डोक्याइतक्या उंचीवर, मोकळ्या फळीवर असावी. देवघर जसे आपण कोपऱ्यात पण उजेडात ठेवतो, तसा तिलाही थोडा मान द्यावा. तिच्यावर रुमाल घालू नये. ती तापते, आणि तापली की अडखळते.

आणखी एक गोष्ट. वाय-फायवर एका वेळी एकच बोलतो. सार्वजनिक नळावर जशी एकेकीची बादली लागते तसेच ते आहे. बाकीच्या थांबतात, फक्त हे इतक्या भराभर होते की आपल्याला कळत नाही. एखादा फार जुना मोबाईल असला तर त्याची बादली भरावयास वेळ लागतो आणि सगळी रांग खोळंबते. म्हणून जे यंत्र जागचे हलत नाही, म्हणजे टीव्ही आणि टेबलावरचा संगणक, त्याला तार लावावी. तेवढीच नळावरची गर्दी कमी होते. लांबच्या खोलीसाठी बाजारात मिळणारे रिपीटर घ्यावयाचे असल्यास ते मधल्या जागी लावावे. जेथे लहर पोचतच नाही तेथे लावून उपयोग नाही. त्याला स्वतःलाच ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? शिवाय साध्या रिपीटरला घेणे आणि देणे एकाच हवेतून करावे लागते, म्हणून वेग सुमारे निम्मा होतो, हेही धरून चालावे.

आता डबीचा टप्पा. डबी म्हणजे एक लहानसा संगणकच. महिनोन् महिने अखंड चालल्यावर तोही गोंधळतो. तिचा स्विच बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा चालू करावा आणि चार-पाच मिनिटे तिला सावरू द्यावे. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होते. परंतु एक सावधगिरी सांगते. डबीच्या मागे टाचणी जाईल एवढे एक भोक असते. त्यात टाचणी खुपसून दाबू नये. तसे केल्यास तिची सारी मांडणी पुसली जाते, कंपनीने भरून दिलेली नावे आणि परवलीचे शब्द जातात, आणि मग माणूस आल्याशिवाय ती सुरू होत नाही.

फायबरची जोडणी असेल तर डबीवरचे दिवे बघावयास शिका. बहुतेक डब्यांवर 'पॉन' आणि 'लॉस' अशी इंग्रजी अक्षरे असलेले दोन दिवे असतात. 'पॉन'चा दिवा स्थिर असला म्हणजे केंद्राशी गाठ पडली आहे. 'लॉस'चा दिवा तांबडा लुकलुकू लागला म्हणजे तारेतून येणारा प्रकाश डबीपर्यंत पोचत नाही. त्या वेळी डबी किती वेळा बंद-चालू केली तरी व्यर्थ. तार कोठेतरी तुटली, वाकली किंवा सुटली आहे. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातील प्रकाश वाहणारा गाभा केसाहूनही पुष्कळ बारीक असतो. झाडताना तिला पीळ पडला, सोफ्याच्या पायाखाली ती चेंगरली, किंवा खिळ्याभोवती घट्ट गुंडाळली, तर प्रकाश वाटेतच गळतो. तिचे वळण नेहमी बांगडीएवढे तरी मोठे ठेवावे. आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून कधी पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. मुलांनाही हे सांगून ठेवावे.

वीज गेल्यावर इमारतीत अंधार, पण मोबाईल भरलेला. अशा वेळी डबी चालू राहावी असे वाटत असेल, तर तिच्यासाठी लहान बॅटरीची पेटी मिळते. घेताना डबीच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्टचे आकडे जुळवून घ्या. बहुतेकींच्या डबीवर १२ व्होल्ट असतील, पण न वाचता घेऊ नये.

चौथा टप्पा बाहेरचा. तो आपल्या हातात नसतो, पण त्याची लक्षणे ओळखता येतात. दिवसा चांगले आणि रोज रात्री आठ ते अकरा मंद, असे असेल तर ती गर्दी आहे. फायबरची एक वाहिनी बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि जेवणानंतर सगळेच चित्रपट लावतात. पाऊस पडला की जाते आणि ऊन पडले की येते, असे असेल तर खांबावरच्या किंवा गच्चीवरच्या एखाद्या जोडात पाणी शिरते आहे. तांब्याची जुनी तार असेल तर हा रोग नेहमीचा. कधी कधी दोष याहूनही दूर असतो. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालून येणाऱ्या कित्येक केबली लागतात. २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ आणि २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रात अशा केबली तुटल्या, आणि आपल्याकडचे इंटरनेट मंदावले. अशा दिवशी आपण घरात राउटर कितीही हलविला तरी काय होणार!

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना एक सांगते. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे, आणि काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे आपला शब्द तेथे पोचून उत्तर यावयास, सर्व काही उत्तम असले तरी, सेकंदाचा आठवा भाग लागणारच. प्रत्यक्षात वाट वाकडी असल्यामुळे अधिक लागतो. तेव्हा दोघींचे बोलणे एकमेकींवर आदळते ते दरवेळी बिघाडामुळे नव्हे. एकीचे संपले की दुसरीने बोलावे, हा जुन्या ट्रंक कॉलचा रिवाज पुन्हा पाळावा.

आता हिशेबाचा भाग. बिलावर '१०० एमबीपीएस' असे लिहिलेले असते. यातील एकक बिट आहे, आणि आपण फाइली मोजतो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. हजार मेगाबाइटचा चित्रपट उतरवावयास कमीत कमी ऐंशी सेकंद लागतील. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळजणींना फसवल्यासारखे वाटते. उलट, किती वेग खरोखर लागतो तेही पाहा. स्वच्छ चित्रपटाला सुमारे ५ पुरतात, समोरासमोरच्या बोलण्याला त्याहूनही कमी. चारजणांच्या घराला १०० म्हणजे भरपूर. जास्त घ्या असे कोणी म्हटले, तर आधी तारेवर मोजून पाहा. तारेवर ९० च्या आसपास मिळत असतील तर कंपनी आपला शब्द पाळते आहे, आणि दोष आपल्या हवेत आहे. तारेवरही रोज २० मिळत असतील तर जादा पैसे कशाला? आधी घेतलेल्या पैशांचा माल द्या, असे सांगावयाचे. पण संगणक फार जुना नाही ना आणि तार पिचलेली नाही ना, एवढे तक्रारीपूर्वी पाहून घ्या. आतली एखादी जोडी तुटली तरी वेग एकदम खाली येतो.

तक्रार करण्याचीही एक पद्धत आहे. दुधाच्या हिशेबाची असते तशी एक लहान वही करा. तारीख, वेळ, दिव्यांची स्थिती, तारेवरचा वेग, डबीजवळचा वेग. सात दिवसांची अशी वही हातात असली की फोनवरच्या माणसाचा स्वर बदलतो. 'नेट चालत नाही' या वाक्याला उत्तर नसते. 'मंगळवारपासून तारेवर रात्री आठनंतर १८ मिळतात, दिवे स्थिर आहेत' या वाक्याला उत्तर द्यावेच लागते. तक्रारीचा नोंदणी-क्रमांक मागून घ्या आणि वहीत लिहा. ट्रायच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे कंपनीने तो दिलाच पाहिजे. तक्रार-केंद्राने समाधान केले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील-अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. ट्राय स्वतः एकेकट्याची तक्रार सोडवीत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका. तेथेही दाद लागली नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार-निवारणाच्या संकेतस्थळावर दूरसंचार विभागाकडे दाद मागता येते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे बोलते आहे, ती सांगते. बिघाडाच्या वेळी माणूस घाबरा होतो, आणि घाबऱ्या माणसाला गाठणारे लोक टपूनच असतात. नेट बंद पडले म्हणून मोबाईलवर 'ग्राहक सेवा' असे शोधले, आणि मिळाला तो आकडा ठगाचा निघाला, अशी उदाहरणे आता गावोगाव आहेत. समोरचा गोड बोलतो, 'ताई, एक अ‍ॅप उतरवून घ्या, मी इथूनच दुरुस्त करतो' म्हणतो, आणि तुमच्या मोबाईलचा पडदा त्याला दिसू लागतो. मग दुरुस्तीचे दहा रुपये भरा म्हणतो. तुम्ही बँकेचा आकडा टाकता आणि तो पाहतो. आयुष्यभराची शिल्लक काही मिनिटांत जाते. म्हणून कंपनीचा आकडा छापील बिलावरून आजच एका कागदावर उतरवा आणि तो कागद डबीच्या फळीवर चिकटवा. दुरुस्तीसाठी पडदा कोणाला दाखवू नका, आणि ओटीपी सांगू नका. दुर्दैवाने पैसे गेलेच, तर लाज न धरता ताबडतोब १९३० या आकड्यावर फोन करा. तो सरकारी मदतीचा आकडा आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता अधिक.

हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हटले तर त्यांना एक नाव सांगा : रेडिया पर्लमन. या अमेरिकन गणिती बाईंनी १९८५ साली एक रीत बसवून दिली, की जाळ्यात कितीही तारा एकमेकींत गुंतल्या तरी निरोप चक्रात अडकून फिरत राहू नये. जगभरच्या कचेऱ्यांची जाळी तिच्यावर उभी राहिली. तेव्हा डबीचे दोन दिवे वाचणे आपल्याला जड जाऊ नये.

शेवटी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्याकडे भांड्यांचा संच आहे, सतरंज्या आहेत, आजारपणातील खुर्ची आहे. भगिनी त्या नेतात आणि परत आणून देतात. त्यांतच पंधरा मीटरची एक चांगली तार ठेवावी. ज्यांच्या घरी तक्रार असेल त्यांनी ती न्यावी, तारेवर मोजून पाहावे आणि परत करावी. शिवाय ज्या भगिनी एकट्या राहतात, त्यांच्या फळीवर बिलावरचा आकडा आणि १९३० हे दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहून लावण्याचे काम आपल्या तरुण सभासदांनी या महिन्यात उरकावे. त्यासाठी माझ्या दुपारी मोकळ्या आहेत, आणि मी बरोबर यावयास तयार आहे.

 प्रश्न असतील ते चहाबरोबर घेऊ.